हरीण, दुर्बीण आणि ग्रीन कार्ड

ॲरिझोना राज्याचे वन्यजीव खाते शिकाऱ्यांसाठी दरवर्षी नियमांची पुस्तिका काढते. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, कुठल्या हत्याराने कोणते जनावर मारता येईल याची त्यात पानेच्या पाने कोष्टके असतात आणि कोष्टकांखाली बारीक टाइपात टिपा असतात. मेक्सिकोच्या सीमेला चिकटलेल्या भागांसाठी जी टीप आहे तिचा मथितार्थ असा, की सीमेवरील राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रश्नांमुळे तुमच्या शिकारीच्या दर्जावर परिणाम होऊ शकतो. बस्स. पुढे काही नाही. ही टीप लिहिणाऱ्या कारकुनाला मी न बघता ओळखतो. तो आपल्याकडे असता, तर पंचगंगेला पूर आल्यावर 'नदीकाठच्या फेरफटक्यात व्यत्यय संभवतो' असे पत्रक त्याने काढले असते.

शिकारीच्या दर्जावर परिणाम म्हणजे नेमके काय, हे कळायची वेळ माझ्यावर भाच्यामुळे आली. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. कऱ्हाडात वाढला, पुण्यात शिकला आणि भिंगांच्या कंपनीत नोकरी धरून टुसॉनला गेला. टुसॉनात भिंगे, आरसे, दुर्बिणी यांचा मोठा पसारा आहे. तिथल्या विद्यापीठाचे प्रकाशशास्त्राचे कॉलेज नावाजलेले आहे. तिथवर सगळे रीतसर होते. पुढे तो शिकारी झाला. आमच्या घराण्यात त्याआधीची शेवटची शिकार माझ्या आजोबांच्या नावावर आहे. उंदराची, तीही पिंजऱ्यात. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यापासून आपल्याकडे हरीण मारणे म्हणजे सरळ तुरुंगाची वाट, त्यामुळे हरणाचे नाव काढले की आमच्या पिढीला आधी कोर्टाची तारीख आठवते.

त्याला हा नाद लागला तो व्हिसाच्या काळात, आणि त्याला कारण अमेरिकेचा कायदा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायची बंदी आहे. मात्र त्याच्याकडे शिकारीचा वैध परवाना असेल तर बंदी उठते. तुम्ही नोकरीला आलात म्हणालात तर हात रिकामे ठेवा; हरीण मारायचे आहे म्हणालात तर या, बंदूक घ्या. शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त स्कूलबस-चालकाने त्याला ही फट दाखवली आणि लगोलग त्याचे गुरुपदही घेतले. आता भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, पण ते कायम अंगावर बाळगावे असाही कायदा आहे. त्यामुळे पहाटे डोंगरात निघताना तो रायफल तपासतो एकदा आणि पाकीट तीनदा. परवाना, हरणाचा टॅग, ग्रीन कार्ड, गाडीचा विमा, गाडीचे कागद. सावज एका गोळीत पडते म्हणतात. हे सगळे कागद एका खिशात बसत नाहीत.

मी थंडीच्या तोंडावर त्याच्याकडे राहायला गेलो होतो. दिवसभर घरात बसून भाचेसुनेच्या पायात यायला नको, म्हणून टेकडीवर जाऊन बसायला तयार झालो. "मामा, तुला काही करायचं नाहीये," भाचा म्हणाला, "फक्त बसायचं आणि बघायचं." हे काम मी एका सरकारी खात्यात हयातभर केलेले आहे.

इथे नशीब लागते ते जंगलात नव्हे, सोडतीत. राज्याचे भाग पाडून त्यांना नंबर दिलेले आहेत. तुम्ही अर्ज करायचा, पसंतीक्रम लिहायचा, पैसे भरायचे. नंबर लागला तर टॅग, म्हणजे त्या भागात शिकार करायची परवानगी, मिळतो. नाही लागला तर एक बोनस पॉइंट जमा होतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज. म्हाडाच्या सोडतीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. उत्तरेकडच्या नामांकित जंगलांसाठी लोक वर्षानुवर्षे पॉइंट साठवतात. दक्षिणेला नोगालेस आणि अरिव्हाका या गावांच्या आसपासचे ३६-ए, ३६-बी, ३६-सी हे भाग त्या मानाने लवकर हाती लागतात. हरणे तिथे उत्तम आहेत. बाकी जे आहे ते टिपेत.

हरीण म्हणजे कूझ जातीचे पांढऱ्या शेपटीचे हरीण. एलियट कूझ हा अमेरिकन लष्करातला डॉक्टर आणि पक्षिशास्त्रज्ञ, त्याचे नाव त्याला दिले आहे. पूर्ण वाढलेला नर जेमतेम पंचेचाळीस किलोचा, मादी तिसाच्या आतबाहेर. रंग असा की ओकच्या सावलीत उभे राहिले की हरीण संपते आणि सावली उरते. शिकारी त्याला राखाडी भूत म्हणतात. टुसॉनच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा जॅक ओकॉनर पुढे शिकारीवर लिहून अमेरिकाभर गाजला. या एवढ्याशा हरणाचे कौतुक करताना त्याचा हात कधी आखडला नाही. या हरणाच्या मागे धावायचे नसते. पहाटे अंधारात टेकडीच्या खांद्यावर चढायचे, तिपाईवर भलीमोठी दुर्बीण बसवायची, पाठ खडकाला टेकायची आणि समोरचा डोंगर इंचाइंचाने चाळत राहायचे. तासन् तास. अंगात रानाच्या रंगाचे कपडे, तोंडाला फडके, बोलणे कुजबुजत, हालचाल शून्य.

आता अडचण अशी, की त्या टोकाला नेमके हेच काम करणारी आणखी दोन प्रकारची माणसे आहेत.

एक म्हणजे सीमा गस्ती दलाचे जवान. त्यांचा वेष हिरवा, त्यांच्याकडे दुर्बिणी, आणि तेही टेकडीवर बसून डोंगर चाळतात. दुसरे म्हणजे तस्करांचे टेहळे. हे लोक शिखरावर दिवसचे दिवस मुक्काम ठोकून असतात. त्यांचे कपडे रानाच्या रंगाचे, त्यांच्याकडे दुर्बीण, शिवाय रेडिओ. जवान कुठे आहेत हे बघून ते खालच्या आपल्या माणसांना वाट सांगतात. या दोघांच्या मधोमध आमचा भाचा. रंग सावळा, दाढी चार दिवसांची, अंगात चट्ट्यापट्ट्यांचा कोट, मांडीवर रायफल, डोळ्याला दुर्बीण, आणि सीमा तिथून पायी अर्ध्या दिवसाच्या आत. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरातल्या माणसाने त्याला काय समजावे? मी मामा असून मला शंका आली.

सूर्य उगवून बराच वेळ झाला होता. समोरच्या उतारावर हरणाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात भाचा ताठ झाला. घळीच्या पलीकडे, बरोबर आमच्या उंचीवर, एका खडकाला टेकून एक माणूस बसला होता. त्याच्यापुढे तिपाई होती, तिपाईवर दुर्बीण होती आणि दुर्बिणीचे तोंड आमच्याकडे होते. भाचा त्याच्याकडे बघत राहिला, तो भाच्याकडे. मध्ये अर्धा मैल हवा. कोणीही हलेना. भाच्याच्या कानाची पाळी लाल झाली. मला बेळगाव आठवले. सीमेवर असे एकमेकांकडे टक लावून बघत बसण्याचा आपल्याला सात दशकांचा अनुभव आहे.

आमच्याबरोबर आलेल्या गुरूने थर्मासचे झाकण लावले आणि शांतपणे म्हणाला, "हात हलव."

"काय?"

"हात हलव. शिकारी असेल तर तोही हलवेल. गस्तवाला असेल तर इकडे येईल. तिसरा असेल तर निघून जाईल. तिन्हींत आपलं काही बिघडत नाही."

भाच्याने उठून दोन्ही हात हलवले. पलीकडच्यानेही उठून दोन्ही हात हलवले. शिकारी होता. त्यानंतर दोघेही बसले आणि आपापल्या खालची हरणे, असलीच तर, एव्हाना पलीकडे मेक्सिकोच्या सोनोरात पोचली असणार हे मनातल्या मनात कबूल करून पुन्हा डोंगर चाळू लागले.

सीमेवर हरणाची शिकार सुखरूप करण्याबद्दल मी नंतर बरेच वाचले, बऱ्याच जणांना विचारले, पण त्या स्कूलबस-चालकाच्या दोन शब्दांपुढे कोणी फारसे गेलेले दिसले नाही. शिकारीची सारी विद्या दिसू नये म्हणून आहे. सीमेवर जिवाला धोका आहे तो न दिसण्यात. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी साधायचे आहे, आणि गंमत म्हणजे ते साधते. हरणाच्या डोळ्यात तांबड्याकडचा रंग ओळखणारी सोयच नसते. निळा त्याला छान दिसतो, नारिंगी मात्र मळकट वाटतो. म्हणजे भडक नारिंगी जाकीट घातलेला माणूस हेलिकॉप्टरातून दिसतो, पलीकडच्या टेकडीवरून दिसतो, आणि दहा पावलांवरच्या हरणाला तो दुसरा एक खडक वाटतो. फक्त खडकाने हलू नये. निसर्गाने इतकी सोय करून ठेवली आहे. बऱ्याच अमेरिकन राज्यांत बंदुकीच्या हंगामात असे जाकीट घालायची सक्ती आहे. ॲरिझोनात नाही. त्यामुळे जिथे ते सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तिथेच ते दुकानाच्या खुंटीवर असते. गुरू घालतो. भाच्याला ते 'नवशिक्यासारखं' वाटते. आधी नवशिके दिसू नये, मग हरणाला दिसू नये, आणि मग वेळ उरलाच तर मरू नये, असा या मंडळींचा क्रम आहे.

नोगालेसहून टुसॉनला जाणारा आय-१९ हा महामार्ग अमेरिकेतला एक चमत्कार आहे. त्याच्यावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत. बाकी साऱ्या देशात मैल आणि इथे किलोमीटर. वेगाची मर्यादा मात्र मैलांतच. परतताना तुबाक गावाच्या पुढे सीमा गस्ती दलाचा नाका लागतो. सीमा मागे राहिली म्हणून तुम्ही निर्धास्त झालेले असता आणि नाका समोर येतो. एक जवान, एक कुत्रा आणि एक प्रश्न : अमेरिकन नागरिक आहात का? गुरूने हो म्हटले. भाच्याने ग्रीन कार्ड दिले. मी पासपोर्ट उघडून त्यावरचा व्हिसा दाखवला. तोवर कुत्र्याने आमच्या डब्यातल्या थालीपिठाचा वास घेतला आणि जवानाकडे असे पाहिले की या वस्तूबद्दल आपल्याला काही शिकवलेले नाही. जवान गृहस्थ होता. "मिळालं काही?" त्याने विचारले. नाही म्हटल्यावर हळहळला. मग म्हणाला, "परवा रात्री पाहिलं मी एक. मोठा नर होता. कॅमेऱ्यात."

भाच्याच्या चेहऱ्यावर जे आले ते बघवत नव्हते. याच राज्याने २०२२ पासून शिकाऱ्यांना झाडावर कॅमेरा लावून हरणावर पाळत ठेवायला बंदी केली आहे. जनावरालाही संधी मिळाली पाहिजे, हे त्यामागचे न्यायाचे तत्त्व. आणि त्याच डोंगरांत सरकारचे मनोरे आहेत, अंधारात उष्णतेवरून बघणारे कॅमेरे आहेत, जमिनीत पुरलेली पावले ओळखणारी यंत्रे आहेत. हरीण त्यांच्यावरून रोज ये-जा करते. ज्यांना हरीण नको आहे त्यांना ते रोज रात्री दिसते, आणि ज्याने सोडतीत नंबर लावून टॅग काढला आहे तो खडकावर बसून दुसऱ्या शिकाऱ्याला हात हलवतो.

डोंगरातले कच्चे रस्ते मात्र पाहण्यासारखे. गस्तवाले गाडीमागे साखळीने जुने टायर बांधून रस्त्यावरून ओढत नेतात, त्यामुळे धूळ सारवल्यासारखी सपाट होते. पुढच्या फेरीला त्यावर जे ठसे दिसतील ते नवे. कच्छच्या रणात आपले पागी वाळूतल्या पावलावरून माणूस ओळखतात, तीच ही विद्या, फक्त टायर जोडलेली. पलीकडून येणारे लोक त्यावर उपाय म्हणून बुटाच्या तळाला गालिचाचे तुकडे बांधतात. असा एक तुकडा मी मेस्किटच्या काट्यात अडकलेला पाहिला. कोणाच्या तरी दिवाणखान्यातला, फुलांच्या नक्षीचा, कडेला सुतळीची गाठ. भाच्याने मला हात लावू दिला नाही. टाकलेली पिशवी, कपडे, सोडून दिलेली गाडी, काहीही असो, तिकडे फिरकायचे नाही, हा तिथला पहिला धडा आहे.

तो धडा सरकारने जाहीरपणे लावलाही होता. २०१० साली सार्वजनिक जमिनींच्या खात्याने आय-८ या महामार्गाच्या दक्षिणेला मोठमोठ्या पाट्या उभ्या केल्या. इकडे प्रवास करू नये, मादक पदार्थांची आणि माणसांची तस्करी चालते, सशस्त्र गुन्हेगार आणि सुसाट गाड्या आढळतील, संशयास्पद काही दिसले तर अंगावर न जाता दूर व्हा आणि ९११ ला फोन करा. आणि शेवटी नागरिकांनी महामार्गाच्या उत्तरेकडच्या जमिनींचा आनंद घ्यावा. त्या भागात हा महामार्ग सीमेपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या ओळीची चव कळते. पाहुण्याला पुढचे दार बंद करून परसातून यायला सांगावे, तशी ती विनंती होती. हसू येते, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिओ रिकोजवळच्या पेक कॅनियनमध्ये गस्ती दलाचा ब्रायन टेरी हा जवान चकमकीत मारला गेला. ती टोळी तस्करांनाच लुटायला आली होती. तिथे सापडलेल्या रायफली सरकारच्याच एका खात्याने माग काढण्यासाठी म्हणून बाजारात जाऊ दिलेल्या बंदुकांपैकी होत्या. माग निघाला तो असा. आजही पेक कॅनियन हरणांच्या नकाशावर आहे आणि लोक तिथे शिकारीला जातात.

पण भीती नेहमी योग्य दिशेनेच बघते असे नाही. २०१७ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये कँडेलारिया गावाजवळ रात्रीच्या वेळी शिकाऱ्यांच्या तळावर गोळीबार झाला. दोघे जखमी झाले. सीमेपलीकडून आलेल्या लोकांनी हल्ला केला, अशी बातमी वाऱ्यासारखी पसरली. वजनदार लोकांनी ती पुढे ढकलली आणि भिंत हवीच असा घोष झाला. तपास अधिकाऱ्यांनी जागा पाहिली, गोळ्या मोजल्या. पलीकडून कोणी आल्याचा मागमूस नव्हता. अंधारात घाबरून तळावरच्या मंडळींनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या होत्या, असा निष्कर्ष निघाला. ही हकीकत सांगताना गुरू भाच्याच्या रायफलीकडे बघत होता.

"मग सगळ्यात धोकादायक माणूस कोण?" त्याने विचारले.

"तस्कर," भाचा म्हणाला.

"नाही. तुझ्या मागे चालणारा." आणि मग माझ्याकडे वळून, "मामांच्या हातात बंदूक देऊ नकोस." अमेरिकेत इतक्या थोड्या अवधीत मला कोणी इतके अचूक ओळखले नव्हते.

या डोंगरांत एक गोष्ट अशी आहे, की तिच्याजवळ विनोदाने येऊ नये. वाटेत मधूनच उंच काठीवर निळे निशाण दिसते आणि खाली पाण्याची निळी पिंपे असतात. २००० साली सुरू झालेली ह्यूमेन बॉर्डर्स नावाची टुसॉनची संस्था ती भरते. गस्ती दलानेही वाळवंटात मनोरे उभारले आहेत. वर निळा दिवा, खाली तांबडे बटण आणि तीन भाषांत सूचना, इंग्रजी, स्पॅनिश आणि तिथल्या मूळ रहिवाशांची ओओदाम : बटण दाबा, मदत येईल, जागा सोडू नका. या शतकात दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटात हजारो माणसे तहानेने आणि उन्हाने मेली आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांची हाडे शिकाऱ्यांना सापडतात, कारण आडरानात दुर्बीण लावून इंच इंच जमीन बघणारा दुसरा कोण आहे? सापडले तर हात लावायचा नाही, नकाशावर खूण करायची, शेरीफला कळवायचे. गुरूच्या पिशवीत गरजेपेक्षा जास्तीच्या पाण्याच्या बाटल्या असतात. कोणी मागितले तर द्यायचे, देऊन बाजूला व्हायचे. तो याबद्दल बोलत नाही. पिशवी जड का, असे मी विचारले म्हणून भाच्याने सांगितले.

सीमा म्हणजे तरी काय? १८५३ साली करार करून अमेरिकेने मेक्सिकोकडून एक कोटी डॉलरला हा मुलूख विकत घेतला. मराठवाड्यापेक्षा मोठा तुकडा. कराराच्या आधी इथले हरीण मेक्सिकन होते, नंतर ते जागचे न हलता अमेरिकन झाले. १८९० च्या दशकात एल पासोपासून प्रशांत महासागरापर्यंत ओळीने २५८ स्तंभ रोवले गेले. बरीच वर्षे डोंगराळ भागात सीमा म्हणजे गुरांना अडवणारी काटेरी तार होती, आणि ती हरीण एका झेपेत ओलांडत असे. आता बऱ्याच ठिकाणी तीस फूट उंचीची पोलादी खांबांची भिंत आहे. दोन खांबांमध्ये फट चार इंचांची. वन्यप्राण्यांच्या सोयीसाठी भिंतीच्या तळाशी काही ठिकाणी खास दारे ठेवली आहेत, आणि त्यांचा आकार सुमारे ए-फोर कागदाएवढा आहे. अर्ज सहज सरकवता येईल. अर्जदाराला जमणार नाही. भिंतीमुळे शिकाऱ्यांचा एक प्रश्न सुटला, असे मात्र गुरू म्हणतो. पूर्वी जखमी हरीण तारेवरून पलीकडे गेले की शिकारी तारेशी उभा राहून बघत बसायचा. मागे जावे तर हातात बंदूक घेऊन परक्या देशात बेकायदा घुसल्याचा गुन्हा. हरणाला मात्र दोन्हीकडे कोणी कार्ड विचारत नसे.

पलीकडचा कायदा हा स्वतंत्र धसका आहे. मेक्सिकोत परवानगीशिवाय बंदूक तर सोडाच, एक काडतूस घेऊन गेलात तरी तुरुंग होऊ शकतो. ते विसरून खिशात राहिले होते, ही सबब तिथे चालत नाही. आणि भाचेसून दातांच्या डॉक्टरकडे जाते ती सीमेपलीकडच्या नोगालेसला, कारण अमेरिकेतल्या दाताच्या किमतीत तिथे बत्तिशी होते. गाडी तीच. त्यामुळे शिकारीनंतरच्या शुक्रवारी त्यांच्या अंगणात जो सोहळा होतो तो मी खुर्ची टाकून पाहिला. गाडीच्या चारी पायपुसण्या बाहेर काढून झटकल्या. पुढच्या सीटा मागे सरकवून खाली बॅटरी मारली. मागची सीट उचकटली. दाराच्या कप्प्यात हात घालून बोटांनी कोपरे चाचपले. व्हॅक्यूम फिरवताना नळीत काहीतरी खडखडले आणि तिने मशीन जागच्या जागी बंद केले. पिशवी उघडून कागदावर उपडी केली. भाचा बाजूला उभा, हात मागे बांधून. तिने चिमटीत ती वस्तू उन्हात धरली. चिवड्यातला शेंगदाणा होता.

"मामा, हा तुम्ही खाल्लात ना गाडीत?" ती म्हणाली. मी होय म्हणताच तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की चिवडा सांडल्याबद्दल माझे इतके स्वागत याआधी कोणी केले नव्हते.

फोनचाही एक घोळ असतो. टेकडीवर अमेरिकेचा टॉवर डोंगराआड जातो आणि मेक्सिकोचा समोर येतो. तुम्ही अमेरिकन खडकावर बसलेले असता आणि फोन म्हणतो, मेक्सिकोत आपले स्वागत असो. भाच्याने एकदा अगदी निष्पापपणे हा संदेश जसाच्या तसा बायकोला पाठवला. शिकारीला जाताना कुठल्या टेकडीवर, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवावे असे सगळे जाणकार सांगतात. त्याने लिहून ठेवलेही होते. पण लिहिलेली टेकडी अमेरिकेत आणि आलेला संदेश मेक्सिकोतून, असे म्हटल्यावर तिने कऱ्हाडला फोन लावला. कऱ्हाडात तेव्हा रात्र. ताबडतोब माझ्या बहिणीचा फोन मला. "दादा, तो मेक्सिकोत गेलाय आणि त्याच्याकडे बंदूक आहे!" मी त्याच्याच शेजारी खडकावर बसलो होतो. तो माझ्याकडे बघून कुजबुजत होता, "मामा, हळू बोल, हरीण बुजेल."

घरी आल्यावर भाचेसुनेने जाहीर केले, की पुढच्या वर्षी सीमा नाही. तिने स्वतः पुस्तिका उघडली. उत्तरेला कायबॅबचे पठार आहे, पाइनची जंगले, मोठमोठी म्यूल हरणे, तस्कर नाही, टायर ओढलेले रस्ते नाहीत. तिने ते नाव पहिल्या पसंतीला लिहायला लावले. गुरूने भाच्याचे बोनस पॉइंट विचारले, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला की या वेगाने टॅग लागेल तेव्हा त्याच्या धाकट्या मुलीचे लग्न झालेले असेल. तरी तिने हट्ट सोडला नाही. मग नकाशा पाहताना तिच्या लक्षात आले, की कायबॅबचे पठार जिथे संपते तिथे ग्रँड कॅनियन सुरू होते, दीड किलोमीटरहून खोल. ती थोडा वेळ काही बोलली नाही. भाच्याने तेवढ्यात दुसऱ्या पसंतीला ३६-बी लिहून टाकले. सोडतीत काय लागणार यावर गुरूने माझ्याशी एका डॉलरची पैज लावली, आणि मी हरणार अशी खात्री असल्याने माझ्या मापाचे एक नारिंगी जाकीटही मागवून ठेवले.